आबांची एसटी छापता, आबांची भाषणं पण छापा

संपादक साहेब,
३० जुलैचा स्मृतिदिन आला की गणपतराव देशमुखांवर, आम्ही त्यांना आबाच म्हणतो, लेख येतात आणि जवळपास सगळ्यात तेच असतं, एसटीनं फिरायचे, साधे रहायचे, पक्ष सोडला नाही. खरंच आहे ते. पण त्यामुळं आताच्या पोरांना वाटायला लागलंय की आबा साधे होते म्हणून सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले. नुसत्या साधेपणावर लोक ११ वेळा मत देत नाहीत हो.

आबा मूळचे इकडचे नव्हतेच, गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, वकील होते. १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले ते शेकापकडनं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडनं, आणि शेवटची निवडणूक २०१४ ला जिंकली ती पण शेकापकडनंच. मंत्री झाले दोनदा, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात आणि नंतर १९९९ च्या विलासरावांच्या सरकारात. बाकीची बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. आता विरोधी आमदाराच्या हातात असतं काय, तारांकित प्रश्न, लक्षवेधी, बजेटवरचं भाषण, आणि बाहेर मोर्चा. एवढ्यावर माणूस तालुका कसा धरून ठेवतो हे कुणी लिहितच नाही.

पाण्याचंच घ्या. आमचा भाग पर्जन्यछायेतला, माण नदी वर्षातनं बराच काळ कोरडी. कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं पंप करत माणदेशात आणायचं, ही मागणी मुंबईत बसून सुचलेली नाही, त्यामागं वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि आबा यांनी १३ दुष्काळी तालुक्यातली माणसं एकत्र करून आटपाडीला घेतलेल्या पाणी परिषदा आहेत, वर्षानुवर्षं घेतल्यात. आज डाळिंबाच्या बागेत उभा राहून मोबाईलवर रील बघणाऱ्या पोराला हे माहीत नसंल तर चूक त्याची नाही, त्याला सांगितलंय कुणी?

आणि पराभव. हा भाग तर लेखात एका ओळीत संपतो. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला तर फक्त १९२ मतांनी पडले. वय तेव्हा सत्तरीच्या जवळ, दुसरा कुणी असता तर घरी बसला असता नाहीतर सत्तेतल्या पक्षाचं दार वाजवलं असतं. आबांनी दोन्ही केलं नाही, १९९९ ला तोच लाल बावटा घेऊन उभे राहिले आणि निवडून आले, त्यानंतर सलग तीन वेळा सीट राखली. मला विचाराल तर त्या ११ विजयांपेक्षा ही १९९५ ते १९९९ मधली चार वर्षं जास्त मोठी आहेत, त्या काळात ते रोज काय करत होते, कुणाला भेटत होते, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून गावागावात आहेत. ती किती दिवस राहणार?

म्हणून विनंती एकच. विधानसभेतलं प्रत्येक भाषण कार्यवृत्तात नोंदलेलं असतं. तुमचा एखादा वार्ताहर विधिमंडळाच्या ग्रंथालयात पाठवा, रोजगार हमी, दुष्काळ, पाणी यावर आबा काय बोलले ते काढा आणि दर रविवारी एक भाषण छापा, जमलं तर मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते पण. फोटो छोटा टाकला तरी चालंल.

आपला,
सांगोला तालुक्यातला एक शेतकरी वाचक