ढगात शिरण्याचा क्षण सरावात हवा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हवाई दलाचे एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर कोसळले आणि जनरल बिपिन रावत यांच्यासह त्यातील सर्व १४ जणांना आपण गमावले. तिन्ही दलांच्या संयुक्त चौकशीने यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जी या शक्यता फेटाळल्या. दरीतले हवामान अनपेक्षितपणे बदलल्याने हेलिकॉप्टर ढगांत शिरले, वैमानिकाचे स्थितिभान हरपले आणि त्यातून ते जमिनीवर आदळले, असा तिचा प्राथमिक निष्कर्ष होता. वैमानिकाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझा प्रश्न त्या क्षणासाठीच्या तयारीचा आहे.

तो क्षण असा असतो : डोंगराची कड दिसत असतानाच समोरची काच पांढरी होते आणि वर-खाली सगळे सारखेच दिसू लागते. एकसारखे संथ वळण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला थोड्याच वेळात जाणवेनासे होते. हेलिकॉप्टर सरळ केले, की उलट दिशेला वळत असल्याचा भास होतो आणि हात आपसूक पुन्हा चुकीच्या बाजूला जातो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली केलेल्या प्रयोगात, केवळ उपकरणे पाहून उडवण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांचा विमानावरचा ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला होता. हेलिकॉप्टर तर मुळातच विमानापेक्षा अस्थिर असते. शिवाय अगदी कमी वेगात वेगमापकावर विसंबता येत नाही, आणि अरुंद दरीत मागे वळायलाही जागा नसते.

उपकरणांवर उडवण्याचा सराव सर्वत्र होतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्या रूढ पद्धतीत डोळ्यांपुढे आडोसा लावलेला असतो, उंची सुरक्षित असते, शेजारी प्रशिक्षक असतो, आणि आता बाहेरचे दिसणार नाही हे वैमानिकाला आधीच ठाऊक असते. बाहेर पाहणारी नजर अचानक उपकरणांवर आणून आधी हेलिकॉप्टर समतल करायचे, मग शक्ती वाढवून सुरक्षित उंची गाठायची आणि त्यानंतरच रेडिओवर बोलायचे, हा क्रम अशा सरावात अंगवळणी पडत नाही. उणीव नेमकी इथे आहे.

म्हणून माझी विनंती आहे, की तिन्ही दलांच्या प्रत्येक हेलिकॉप्टर वैमानिकाला, मग तो कितीही अनुभवी असो, सिम्युलेटरवर पूर्वसूचना न देता, कमी उंचीवर आणि दरीतच ढगात शिरण्याचा प्रसंग ठरावीक मुदतीने द्यावा. सहवैमानिकासह तो पार पाडता आल्याशिवाय डोंगराळ भागातील उड्डाणाची परवानगी देऊ नये.

आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. ढग दिसताच परत फिरणे किंवा मिळेल त्या मोकळ्या जागी उतरणे, हा निर्णय प्रवासी कितीही मोठ्या पदावरचा असला तरी वैमानिकाचाच राहील आणि त्याबद्दल त्याला नंतर जाब विचारला जाणार नाही, असा लेखी आदेश आपल्या सहीने निघावा.

आपला विश्वासू,
एक नागरिक