तोरण्याच्या पायथ्याशी राहून माझी नोकरी टिकली, ती तुमच्यामुळे

आदरणीय आबा,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार समोरासमोर मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक, बास" म्हणून विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. वेल्ह्यात, मुळशीत, भोरच्या पलीकडे आपल्यासारख्या कितीतरी वाड्या आहेत. तिथल्या कुणाच्या घरात आत्ता या क्षणी मीटिंगमध्ये आवाज तुटत असेल, तर तुम्ही माझ्यासाठी काय काय केलंत हे त्यांनाही कळायला हवं.

मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी खराडीची खोली सोडून गावी आले. थोड्या दिवसांसाठीच येणं होतं. त्यात सासूबाईंना पक्षाघात झाला, त्यांची उजवी बाजू गेली. त्यांना उठवणं, भरवणं, व्यायाम करून घेणं हे सगळं घरातच, आणि घरात माणसं मोजकी. माझं काम आरोग्य विम्याच्या दाव्यांचं. हॉस्पिटलची बिलं, रिपोर्ट, डिस्चार्जचे कागद तपासायचे, स्कॅन करून वर चढवायचे, दिवसातून दोन-तीनदा टीमशी बोलायचं. बसल्या जागी होणारं काम, पण टेलिफोनच्या तारेवरून येणारी इंटरनेटची लाइन नीट चालली तर. आमची लाइन चालत नव्हती. मोबाइलला रेंज म्हणावी तर गोठ्याच्या मागे एखादी काडी, डोंगराची आडकाठी असल्याने टॉवर दिसतच नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला की राउटर बंद करून चालू करायला सांगत. साहेबांनी शेवटी स्पष्टच विचारलं होतं, पुण्यात परत येताय की राजीनामा देताय? सासूबाईंना त्या अवस्थेत सोडून जाणं मला शक्य नव्हतं, आणि घरातला एकमेव पगार माझा होता.

तेव्हा तुम्ही आलात. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त होऊन तुम्हाला जेमतेम काही महिने झाले होते. तुम्ही राउटरकडे पाहिलंही नाही. पिशवीतून जुना काळा फोन काढलात, भिंतीवरच्या डबीत लावलात आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिलात. मग माझ्या कानाला लावलात. "ऐक. डायल टोनच्या मागे काय आहे?" मागे खरखर होती, तव्यावर पाणी पडल्यासारखी. तुम्ही म्हणालात, "जी खरखर तुला ऐकू येते ना सूनबाई, तीच तुझं नेट खाते."

त्यानंतर तुम्ही मला घेऊन वायरीच्या मागे मागे चालत निघालात. घरातून ओसरीत, ओसरीतून पत्र्याखाली, तिथून खांबावरच्या डीपी बॉक्सपर्यंत, म्हणजे टेलिफोनच्या तारा जिथून घरोघरी फुटतात त्या पेटीपर्यंत. पत्र्याच्या वळचणीला एक जोड होता. कुणीतरी कधीकाळी दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. आपल्याकडचा पाऊस त्या पट्टीत शिरून बसला होता. पट्टी सोडवली तर आतलं तांबं हिरवंगार झालेलं. तुम्ही ब्लेडने ते चकचकीत होईपर्यंत खरवडलंत, जेलीचे छोटे कनेक्टर दाबून बसवलेत, आणि जोडाच्या आधी वायरीला खाली एक झोळ सोडलात, म्हणजे पाणी जोडापर्यंत न जाता त्या झोळावरून ठिबकून जाईल. आतल्या खोलीतला सासऱ्यांच्या वेळचा दुसरा फोन फिल्टरशिवाय लाइनला लटकत होता, तो काढायला लावलात. फोनचा आवाज आणि इंटरनेट एकाच तारेवरून वेगवेगळ्या लहरींत जातात आणि मधे फिल्टर नसेल तर फोन दोन्हींत लुडबुड करतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

मग राउटरचं पान उघडायला सांगितलंत. त्यात दोन आकडे दाखवलेत, जे मी रोज पाहू शकत होते आणि ज्यांचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. एक लाइनमधली घट, ६० डेसिबलच्या वर. "हे अंतर आहे. एक्सचेंजपासून तांब्याची तार जितकी लांब, तितका सिग्नल मरतो. याला तू काही करू शकत नाहीस, मीही नाही." दुसरा आकडा नॉइज मार्जिनचा, म्हणजे खरखरीच्या वर सिग्नल किती शिल्लक राहतो त्याचा. तो ४ च्या आसपास होता, जोड दुरुस्त केल्यावर १० च्या वर गेला. "हा आपल्या हातातला. सहाच्या खाली गेला की लाइन तुटायला लागते. रोज सकाळी बघ आणि वहीत लिही." वेग फार वाढला नाही, पण लाइन तुटायची थांबली. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पुढे साहेबांपुढे गयावया करण्याऐवजी मी त्या नोंदी ठेवल्या. कोणत्या वेळी लाइन बरी, कोणत्या वेळी वाईट, अपलोड किती मिळतो, हे सगळं तारीखवार. त्यावरून माझ्या मीटिंगा सकाळी लवकर ठेवायचं आणि जड कागद रात्री चढवायचं मान्य झालं. राजीनाम्याचा विषय तिथेच मिटला.

अपलोडचं गणितही तुम्हीच समजावलंत. जाहिरातीत जो वेग लिहितात तो खाली येण्याचा असतो. तांब्याच्या त्या लाइनवर वर जाणारा वेग त्याच्या कितीतरी कमी, आमच्याकडे ४०० केबीपीएसच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ४०० किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठने भागलं की सेकंदाला ५० किलोबाइट. माझी रंगीत स्कॅनची एक फाइल ६० एमबीची, म्हणजे वीस मिनिटं. तेवढ्यात कॉल आला की आवाज गेलाच. तुम्ही म्हणालात, पाबे घाटात पुढे विटांचा ट्रक असला की मागची जीप कितीही नवी असू दे, ट्रकच्याच चालीने चालणार. तेव्हापासून मी कागद २०० डीपीआयवर, काळ्या-करड्या रंगात स्कॅन करते. तीच फाइल आठेक एमबीची होते, तीन मिनिटांच्या आत जाते, आणि बिलावरचा आकडा स्वच्छ वाचता येतो. कॉल चालू असताना काहीही वर चढवायचं नाही. कॅमेरा बंद. नुसत्या आवाजाला शंभरेक केबीपीएस पुरतात, चित्राला त्याच्या कितीतरी पट लागतात. विंडोजचे अपडेट आणि फोनमधल्या फोटोंचा बॅकअप कामाच्या वेळात बंद. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल, कारण आमच्या दगडी भिंतींतून वायफाय धड पलीकडे जात नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते म्हणून राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस.

यातलं काहीच महागडं नाही. पण तेव्हा सरकारी व्याख्येत ५१२ केबीपीएस मिळाले तरी त्याला ब्रॉडबँड म्हणत. ती मर्यादा २ एमबीपीएस झाली २०२३ साली. मधल्या काळात आमच्यासारख्यांनी काम कसं करायचं, हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढे वाडीत फायबर आलं. तुमच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. तुमची सगळी हयात तांब्यात गेली. काचेच्या तारेचं तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही ते उघडपणे सांगितलंत. फायबरचं काम करणारा तो मुलगा तुमच्या नातवाच्या वयाचा. तुम्ही त्याच्या मागे फिरलात, त्याची शिडी धरलीत, फायबरची टोकं जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावर केसाएवढी दोन टोकं एकमेकांना चिकटताना वाकून बघितलीत, त्याला 'अहो' म्हणून शंका विचारल्यात. वयाने एवढा मोठा माणूस शिकायला असा उभा राहिलेला मी आमच्या ऑफिसातही पाहिलेला नाही.

आणि ते शिक्षण आमच्याच घरी कामाला आलं. महिनाभरातच राउटरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. त्या मुलाने मीटर लावला तर तारेतून येणारा प्रकाश उणे २९ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, आणि उणे २७ च्या खाली गेलं की यंत्राला तो नीट वाचता येत नाही. तो खांबावर चढायला निघाला होता. तुम्ही त्याला थांबवलंत, जुन्या सवयीने घरातूनच वायरीवरून हात फिरवत निघालात आणि कपाटामागे थांबलात. आम्ही कपाट भिंतीला सरकवलं होतं, तिथे फायबर काटकोनात मुडपली होती. काच तुटली नव्हती. वळण इतकं तीव्र होतं की प्रकाश तिथेच बाहेर सांडत होता. तुम्ही क्लिप काढून ती मोकळी केलीत. उणे २१. मग माझ्या हातातली बांगडी दाखवून म्हणालात, "हिच्यापेक्षा लहान वळण द्यायचं नाही." तो मुलगा आता प्रत्येक घरात हेच सांगतो, मी स्वतः ऐकलंय.

रस्ता रुंदीकरणात ओढ्याजवळ जेसीबीने केबल तोडली आणि अख्खी वाडी आठवडाभर बंद पडली, तेव्हा सगळे चिडले होते. तुम्ही मात्र केबल कुठून कुठे जाते याचा नकाशा हाताने काढलात. शाळेचा कोपरा, मोठा आंबा, मोरी, कुठे रस्त्याच्या डावीकडून, कुठे उजवीकडून, किती खोल. तो घेऊन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभे राहिलात. खोदण्यापूर्वी केबलवाल्यांना कळवायची सोय केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' या ॲपने केलेली आहे, ती ठेकेदाराला वापरायला लावा, असं तुम्ही ग्रामसेवकांना सांगितलंत, आणि ठरावात लिहून घेतल्याशिवाय खाली बसला नाहीत. भारतनेटमधून फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायची योजना २०११ पासूनची आहे. पण पंचायतीच्या कपाटातून आमच्या ओसरीपर्यंतच्या शेवटच्या तुकड्याची काळजी गावातल्याच कुणीतरी घ्यावी लागते. आपल्याकडे ती तुम्ही घेतलीत, बिनपगारी.

सासूबाई आता काठी घेऊन अंगणात फिरतात. त्या दिवसांत मी पुण्याला गेले असते तर त्यांचे व्यायाम रोजच्या रोज झाले नसते, हे त्यांचे डॉक्टरही म्हणतात. खालच्या आळीतली वैनींची थोरली बीकॉम करून घरूनच जीएसटीचं काम करायला लागलीये, तिच्याही घरी पहिली वायर तुम्हीच तपासलीत. तिने सांगितलंय, पत्रात माझंही नाव घाल. नाव घालत नाही, पण हे आभार दोघींचे आहेत.

एक हट्ट आहे, तो मानाच. यंदा पावसाआधी जोडपेट्या तपासायच्या आहेत असं परवा म्हणालात. तुमचे गुडघे मला माहीत आहेत. शिडीवर तो मुलगा चढेल, त्याच्याशी मी बोललेय. तुम्ही खाली खुर्चीवर बसून सांगा कुठे काय बघायचं ते. मी वही घेऊन शेजारी बसते. आणि दुपारी जेवायला आमच्याकडेच या, नव्या तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं करते. काकूंनाही घेऊन या.

आपली,
वरच्या आळीतली सूनबाई