शनिवारच्या पाठाची आठवण

सर्व शिक्षकांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पंचवटीतल्या नेहमीच्या शाळेत पाचवीचा अपूर्णांकांचा पाठ आहे. मुलं आपल्यासाठी मुद्दाम थांबणार आहेत, तेव्हा उशीर नको.

मागच्या वेळी एका मुलीने १/२ + १/३ = २/५ लिहिलं होतं. का, विचारल्यावर म्हणाली, "वरचे वर, खालचे खाली." आपण हसलो खरे, पण पुढचा अर्धा तास त्यावरच गेला. कागदी पट्ट्यांच्या घड्या घालून दाखवायची निफाडच्या मॅडमची युक्ती त्यातूनच निघाली. या वेळी तोच पाठ सुधारून घेऊ.

मागे बसणाऱ्यांनी मुलांच्या वह्या बघायच्या, सरांचं फळ्यावरचं अक्षर नव्हे. ही तपासणी नाही. पाठ सगळ्यांनी मिळून आखायचा, एकाने घ्यायचा आणि बाकीच्यांनी मुलं न्याहाळायची, ही पद्धत जपानी शिक्षकांची, तिथे शंभरहून अधिक वर्षं रुळलेली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्षाच्या ५० तासांत हे धरतात का, ते कृपया केंद्रप्रमुखांना विचारा, इथे नको!

येताना आपल्या वर्गातली चुकलेल्या गणितांची एकदोन पानं आणा. मुलांची नावं झाकून.