तो डब्बा अटालेवाल्याला देऊ नका

रामबाग, इंदूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

आठ महिन्यांत एक ओळ नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे जसे होते तसेच. पत्र फोटो काढून पाठवतोय, कारण पोस्टाने टाकलं तर काम हातचं जाईल.

आज सकाळी दादा पोह्यांच्या गाडीवर भेटले. राजेंद्रनगरचं घर दिवाळीआधी रिकामं करायचंय, रविवारी अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, येतोय, म्हणाले. मी विचारलं, काकूंच्या खोलीतला 21 इंची डब्बा, तो जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही? "तोही जाणार भिया, कोण बघतं आता तो!" बंड्या, पत्र पुरं वाचायच्या आधी दादांना फोन कर. मी सांगितलं तर हसतील. माझ्या अकलेबद्दलचं त्यांचं मत 2006 मध्येच ठरलंय.

आता कारण ऐक. पीएस-टू, आपला जुना प्लेस्टेशन, नव्या एलईडी टीव्हीला लावला की ‘स्मोक ऑन द वॉटर’सुद्धा वाजत नाही. पहिल्या ‘गिटार हीरो’तलं, तेही पहिल्याच टप्प्यातलं गाणं! तोच गेम, पडद्यावरचा गोळा रेषेला लागला की खेळण्यातल्या गिटारचं बटण दाबून पट्टी मारायची. तू म्हणशील, तुझा हात पहिल्यापासूनच मागे. थांब. या वेळी मागे आहे तो टीव्ही, आणि हिशेब देतो.

पीएस-टूच्या पिवळ्या पिनमधून येणारं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींचं असतं, आधी विषम ओळी, मग सम. पिक्चर ट्यूब ओळ आली की काचेवर उमटवते, कुणाची वाट बघत नाही. एलईडी दोन अर्धी चित्रं जुळवतो, ताणून मोठी करतो, वर रंग खुलवत बसतो आणि मग दाखवतो. सेकंदाला 60 चित्रं धरली तर एक चित्र 16.7 मिलीसेकंदांचं. सहा चित्रं आत अडकली की 100 गेले. गाण्याची लय साधारण 112, म्हणजे एक मात्रा 536 मिलीसेकंदांची. जवळजवळ पाचवा हिस्सा मात्रा हरवली! तबल्यावर एवढा मागे पडलास तर गुरुजी उठून चहाला जातील. टीव्हीचा गेम मोड लावून थोडा फरक पडतो, पण ओळी जुळवायचं काम टीव्हीला करावंच लागतं.

आवाजाचा घोळ वेगळा. टीव्हीच्या स्पीकरमधून घेतला तर टीव्ही आवाजालाही चित्रासाठी थांबवून ठेवतो. मग बघायला-ऐकायला सगळं जुळलेलं, आणि गेम मात्र नापास करतो. आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना थेट अॅम्प्लिफायरला दिल्या तर आवाज वेळेवर येतो, चित्र मागे राहतं. तेव्हा डोळे मिटून कानाने वाजवायचं. ब्लूटूथ स्पीकरचं नावच काढू नकोस.

लॅगच्या, म्हणजे उशिराच्या, सेटिंगने गेमला सांगता येतं की अमुक मिलीसेकंद उशीर धर. तीनदा मोजायचं आणि मधला आकडा ठेवायचा. पण त्याने सगळं सुटत नाही. सूर चुकला की गेम गिटार गप्प करतो, आणि ती गप्प झाल्याचं टीव्हीवरून उशिराच कळतं. तोवर पुढचा सूरही गेलेला असतो.

आणि हो, गिटार गप्प होते यावरूनच, गेममधली गाणी मूळ बँडची की नाहीत, हा आपला जुना तंटा निकालात निघतो. नुसती गिटार बंद करायची तर तिचा ट्रॅक वेगळा हवा. म्हणजे वाद्यं वेगवेगळी ठेवलेली मूळ मल्टिट्रॅक टेप हवी आणि ती वापरायची परवानगीही हवी. म्हणून 2005 च्या पहिल्या भागातल्या मुख्य 30 गाण्यांपैकी बहुतेक वेव्हग्रुप स्टुडिओने नव्याने वाजवून घेतली. दुसऱ्या भागाच्या शेवटचं ‘फ्री बर्ड’ही तसलंच. 2007 च्या तिसऱ्या भागात मूळ रेकॉर्डिंग बरीच आली, तरी सेक्स पिस्टल्सना आपलं गाणं पुन्हा स्टुडिओत जाऊन वाजवावं लागलं, जुन्या टेपाच सापडेनात. 2009 च्या बीटल्सच्या गेमला तर आणखी कष्ट. सुरुवातीची रेकॉर्डिंग दोन ट्रॅकवरची, त्यातून वाद्यं वेगळी काढावी लागली. तेव्हा "हा आवाज मूळ बँडचाच" ही तुझी पैज तू हरलास. छप्पन दुकानवरचे दोन हॉट डॉग अजून बाकी आहेत.

बदली मानवली का? वहिनींना नमस्कार. मनूला दिवाळीत ‘फ्री बर्ड’ वाजवायचंय म्हणालास ना? नऊ मिनिटांचं गाणं आहे, पोरीला आधी जेवू घाल. त्या भागात गेमसुद्धा "खरंच वाजवणार का?" असं पुन्हा पुन्हा विचारतो, ते उगीच नाही.

तुझी गेमची काळी गिटार बडोद्याहून आणायच्या आधी उघड. माझी लाल ठीक आहे, पण दोघांना दोन लागतील. नारिंगी बटण कधी लागतं, कधी नाही, म्हणालास. तो बटणांखालच्या रबराचा दोष. मागचे सगळे स्क्रू काढ. एखादा जागचा हलेना तर ओढाताण करू नकोस, स्टिकरखाली बोटाने चाचपून बघ. वरचं झाकण निघालं की रबराच्या पट्टीखाली काळे ठिपके दिसतील, आणि त्यांच्यासमोर सर्किटवर काळ्या जाळ्या. दोन्हींवर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने फिरव. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं, इथे जेल रोडला तर कुणीही देईल. दहा मिनिटं सुकू दे. पॉलिश पेपर अजिबात नको, काळा थर निघून बटण कायमचं जातं. दुकानदार पेन्सिल घासायला सांगेल. ते आठवडाभर चालतं, मग शिशाची भुकटी शेजारच्या बटणालाही लागू करते. डब्ल्यूडी-फोर्टीचा तेलकट स्प्रे मारलास तर मी बोलणार नाही.

एकदा मारून दोनदा लागत असेल तर तारांच्या जागी जी वर-खाली मारायची पट्टी असते तिचा दोष. वर एक आणि खाली एक, असे दोन छोटे स्विच असतात. पट्टी जोरात परत येऊन समोरच्या स्विचला शिवते. त्या बाजूला पातळ फोमचा तुकडा लाव. स्विच टिक न करता नुसता दबत असेल तर तो बदलायचाच. आणि केबल, गिटारमधून निघते तिथेच, हलवून बघ. आतली तार तुटलेली असली तर तिथेच तुटते, मल्टिमीटरने लगेच कळेल.

डब्बा मला खेळायला हवाच, पण मोजायलाही हवा. पिवळी पिन वायच्या, म्हणजे दोन फाट्यांच्या, पिनने डब्बा आणि एलईडी दोघांना द्यायची, टीव्ही शेजारी-शेजारी ठेवायचे आणि मोबाइलवर 240 च्या स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं. एक फ्रेम 4.2 मिलीसेकंद. गोळा डब्ब्यावर रेषेला लागला तिथपासून एलईडीवर लागेपर्यंत फ्रेम मोजायच्या. 24 भरल्या तर 100. मग माझ्या हाताबद्दल बोलायचं कायमचं बंद.

दादांना सांग, उचलताना काच छातीकडे ठेवा, सगळं वजन पुढे असतं. मागे बारीक नळी आहे, तिला धक्का नको. मागचं झाकण उघडू देऊ नका, प्लग काढल्यावरही आत झटका शिल्लक असतो. रिक्षात काच सीटकडे करून ठेवायची, आणि शेजारी स्पीकर नको, चुंबकाने रंग फाकतात. रिमोट नाही मिळाला तरी पुढच्या बटणांवरून एव्ही लागतं.

शनिवारी सहानंतर मी रिक्षा घेऊन येतो, दोरी माझ्याकडे आहे. अटालेवाला जेवढे देणार होता त्यावर पन्नास जास्त देईन, हॉट डॉगचे कापून.

तुझा,
नंद्या