प्ले निवडायचं काम गेमकडं देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात गेमिंगबद्दल येतं ते बहुतेक पोरांचे डोळे आणि अभ्यास एवढंच, म्हणून जरा गेमच्या आतलं लिहितोय. जुळे सोलापुरात अमेरिकन फुटबॉलचं मैदान नाही, तो लांबट बॉलही कुणाकडं नाही, पण मॅडन हा त्याच फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणारी पोरं आहेत आणि आमच्यात कायमचा वाद म्हणजे ऑटो प्ले-कॉलिंग, म्हणजे पुढची चाल गेमनंच निवडायची सोय, चालू ठेवायचं का बंद.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, या खेळात चार चान्समध्ये 10 यार्ड पुढं जायचं असतं, एका चान्सला डाऊन म्हणतात, आणि प्रत्येक डाऊनआधी 11 जणांपैकी कुणी कुठं पळायचं, कुणाला अडवायचं हे ठरतं, तो प्ले. पूर्वी मॅडनमध्ये ‘आस्क मॅडन’ होतं, ते नुसतं सुचवायचं, निवडायचं आपणच. 2010 च्या मॅडन 11 मध्ये ‘गेमफ्लो’ आलं आणि गेमच प्ले निवडायला लागला, मॅच पटापट संपायला लागली. पटापट संपली म्हणजे चांगली झाली का?

गेमफ्लोवाले म्हणतात खरा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन चाल चालवणारा खेळाडू, तरी कुठं स्वतः ठरवतो, 1994 पासून एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये कोच त्याला हेल्मेटमधल्या स्पीकरवर प्ले सांगतोच की. बरोबर आहे, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे प्ले सुरू करायच्या घड्याळावर, 15 सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो, मग समोरचा डिफेन्स बघून तोच प्ले चालवायचा का ऑडिबल देऊन, म्हणजे ऐनवेळी ओरडून, बदलायचा हे त्यानंच बघायचं, आणि पहिला प्ले का निवडला होता हेच ज्याला ठाऊक नाही तो बदलणार तरी काय?

समजा थर्ड डाऊन आहे, 2 यार्ड हवेत, गेम सरळ हिशोबानं रन, म्हणजे बॉल घेऊन पळायचा प्ले, देतो. पण मी आधी मुद्दाम मधूनच रन केलेले असतात, समोरचा दोस्त पेटलेला असतो, ‘काय करूलालास बे, परत तेच’ म्हणत तो लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या मधल्या फळीतले खेळाडू, पुढं आणून मधली जागा भरून टाकतो, आणि मला नेमकं हेच हवं असतं, आता रनचा आव आणायचा आणि त्यांच्या पाठीमागं मोकळ्या झालेल्या टाइट एंडला, म्हणजे अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या खेळाडूला, पास टाकायचा. गेमला डाऊन कळतो, यार्ड कळतात, घड्याळ कळतं, पण माझा दोस्त चिडलाय हे कळत नाही.

निन्टेन्डोच्या जुन्या टेक्मो बोलमध्ये फक्त चार प्ले होते, डिफेन्सनं तोच ओळखला की तुम्ही जागच्या जागी खलास. चारच होते पण निवडायचे आपणच, म्हणून तर छातीत धडधड व्हायची.

नवीन पोरगं एवढं जाडजूड प्लेबुक बघून गांगरतं हे मला मान्य आहे, त्याला मदत पाहिजेच. मग दोन-तीन प्ले दाखवा आणि प्रत्येकाखाली एका ओळीत कारण लिहा, निवडू दे त्याला, हरू दे एखाद्या वेळी.

आणि तुम्हाला एक विनंती, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला क्रिकेटसोबत पाच-पाच जणांचा फ्लॅग फुटबॉलही (यात पाडण्याऐवजी कमरेचा फडका ओढतात) आहे, तेव्हा नुसता स्कोर छापू नका, शेवटच्या डाऊनला कुठला प्ले निवडला आणि का, तेही चार ओळीत द्या, आम्ही वाचू.

आपला,
एक वाचक, सोलापूर