भाकर खा, झोप, मग बोलू

जालना

प्रिय सुभाष,
प्रभूमध्ये सलाम.

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहितोय. प्लॉटचा हप्ता, सोयाबीनचा भाव, पोराची पुण्यातली नोकरी, वहिनींची शुगर, आणि या सगळ्यावर "माझा विश्वासच कमी पडतोय" ही खंत. ती आधी खोडून काढतो. भीती वाटली म्हणजे विश्वास गेला, हे तुला कुणी शिकवलं? वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशू व्याकूळ झाला, हा प्याला टळो म्हणाला, आणि सोबत्यांना जागं राहायची विनवणी केली. ते झोपले, हा भाग वेगळा.

जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याचं बघ. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर एवढा विजय मिळवलेला माणूस, पण ईजबेल राणीचा जिवे मारण्याचा एक निरोप आला आणि रानात पळाला. रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागायला लागला. देवानं तिथं त्याला उपदेश केला नाही. दूत आला, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीयानं खाल्लं आणि परत झोपला. दूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, म्हणाला, मजल लांबची आहे. "तू इथं काय करतोस?" हा प्रश्न देवानं विचारला तो नंतर, होरेब डोंगरावर. या झोपेवर आपले पाळक क्वचितच बोलतात. तू रात्री दोन वाजता मोबाइलवर भाव बघतोस, त्या वेळी कोणती बाजार समिती उघडी असते रे? नवाला फोन स्वयंपाकघरात ठेव. वेळेवर भाकर खा, आडवा हो. छातीत धडधड होते म्हणालास, तर डॉक्टरला दाखवच. मन मोकळं करायला १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. त्यात विश्वासाला कमीपणा नाही. एलीयालाही कुणाच्या तरी हातून भाकर घ्यावीच लागली.

आता पसाऱ्याचं. तू औशाकडचा, तुला किल्लारीच्या भूकंपाचं मी काय सांगावं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. तो देवाचा कोप होता असं कुणी म्हटलं की मी होरेबाचीच गोष्ट काढतो: तिथं एलीयासमोर भूकंप झाला, पण परमेश्वर त्या भूकंपात नव्हता. माणसं मेली ती दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली आणि माळवदाखाली. ऊन लागू नये, पाणी गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले. आसऱ्यासाठी चढवलेलं वजनच अंगावर आलं.

तुझ्या घरावरही असेच थर चढलेत. प्लॉट भविष्यासाठी, दोन भिशा अडीअडचणीसाठी, मोठी गाडी पाहुण्यांत मान राहावा म्हणून. एकेक थर भीतीपोटीच चढवलास आणि आता त्या थरांचीच भीती वाटते. लूकच्या बाराव्या अध्यायातला तो धनवान आठव, कोठारं मोडून मोठी बांधणारा. बिचाऱ्याला ती रात्रही लाभली नाही. माझं स्पष्ट मत आहे, प्लॉट वीक. तोटा झाला तरी वीक. ज्याच्याकडे कमी करायलाच काही नाही त्याला "साधं राहा" सांगणं मला चावटपणा वाटतो, पण तुझ्याकडे कमी करायला बरंच आहे.

पावसाची गोष्ट निराळी. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यानं काढले त्याला "काळजी करू नको" म्हणायची माझी हिंमत नाही. ही भीती प्लॉट विकून जाणारी नाही. ती एकट्यानं उचलू नये एवढंच. एलीया म्हणाला मी एकटाच उरलोय. देव म्हणाला, अजून सात हजार आहेत. आणि लगेच कामं सांगितली, अलीशाला सोबती म्हणून जोडून दिलं. तुझ्या मंडळीतले निम्मे लोक सोयाबीनवालेच आहेत. उपासना सुटल्यावर चहाला थांबत जा, भाव पडल्याचं त्यांच्यापाशी बोल. तू हिशेब लपवतोस, तेही लपवतात.

वहिनींना कर्जाचा पुरा आकडा अजून माहीत नाही, हे मला फोनवर कळलंच. आधी त्यांना सांग. मी पुढच्या शनिवारी मुक्कामाला येतो. प्लॉटची खरेदीखतं, बँकेचं पासबुक आणि भिशीची वही काढून ठेव. जेवणं झाल्यावर तिघं मिळून बसू. मोसंबी आणतो, वहिनींना मोजूनच दे.

तुझा,
विजय