पिंजरा असा लावत नाहीत

माननीय संपादक,

घुशींना विष घालू नका, पिंजऱ्यात पकडा, असं कालच्या पुरवणीत छापलंत ते योग्यच. पण लोक फोटो बघून पिंजरा लावणार, आणि फोटोतला पिंजरा साफ चुकलेला आहे. अंगणाच्या मधोमध, भर उन्हात, सुका बांगडा दारापाशीच! घूस उघड्यावरून जात नाही, भिंतीच्या कडेने जाते. पिंजरा भिंतीला चिकटून, तोंड तिच्या वाटेकडे करून ठेवायचा. पिंजऱ्यात जिच्यावर पाय पडताच दार पडतं, त्या पट्टीच्या पलीकडे आमिष, मागच्या जाळीपासून चार बोटं आत टांगायचं. जाळीला टेकलं तर ती बाहेरूनच कुरतडून नेते. पट्टीखाली माती अडकली तर दार पडत नाही, म्हणून रोज संध्याकाळी बोटाने दाबून बघायचं. पहिले 3-4 दिवस दार तारेने उघडं बांधून नुसतं खाऊ द्यायचं, कारण नव्या वस्तूला घूस बिचकते.

अर्धा पिंजरा गोणपाटाने झाका आणि उजाडताच बघा. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारपर्यंत राहिलेलं जनावर उष्म्याने मरतं. त्यात बांगड्याला लागलेल्या मुंग्या अडकलेल्या जिवाचे डोळे, नाक सोडत नाहीत. मग विष काय वाईट होतं? पिंजरा उचलताना हातमोजे हवेतच, घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो. आणि बीळ काचांचे तुकडे व सिमेंट घालून बुजवलं नाही तर त्यात दुसरी येतेच.

खरा राग आहे तो 'माळ्यावरचं जनावर पकडून लांबच्या रानात सोडा' या ओळीचा. कौलांखाली राहतं ते बहुधा कांडेचोर, म्हणजे उदमांजर. त्याला परवानगीशिवाय सापळ्यात पकडणं ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारच आहे. मादी पकडून नेलीत तर पिल्लं माळ्यावर उपाशी मरतात आणि घरभर वास सुटतो. पिल्लांचा आवाज असेल तर ती आईमागे बाहेर पडू लागेपर्यंत थांबा. मग छपरावर टेकणाऱ्या आंब्याच्या फांद्या छाटा, रात्री सगळी बाहेर गेली की सरकलेली कौलं बसवा, वाशांमधल्या फटींना जाळी मारा. तरीही अडलं तर वनखात्याला कळवा.

दुरुस्ती छापाल तेव्हा दुसऱ्या फोटोखालची ओळही बदला. तिथे 'मुंगूस' लिहिलंय. पिंजऱ्यात बसलंय ते कांडेचोर.

– एक वाचक, फोंडा